वेड पांघरून पेडगावला

वसंतराव देशपांड्यांना आयुष्यभर एक प्रश्न पुरला: तुमचं घराणं कोणतं? त्यावरचं त्यांचं उत्तर मराठी रसिकांना तोंडपाठ आहे. माझं घराणं माझ्यापासूनच सुरू होतं, असं ते सांगत. ऐकणारे हसत, वसंतरावही हसत असावेत, आणि मुलाखत पुढच्या प्रश्नाकडे वळे. आज ते उत्तर सुभाषितासारखं वापरलं जातं. ज्या माणसानं ते दिलं त्याचं आयुष्य शेजारी ठेवून पाहिलं, तर हसू थोडं उशिरा येतं.

वसंतरावांचा जन्म 1920 सालचा, मूर्तिजापूरचा. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाण्याचा पाया घातला गेला. मग मामांबरोबर लाहोरला जाणं झालं आणि तिथं असद अली खाँसाहेबांकडे मारवा मिळाला. पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ यांच्याकडून विद्या घेतली. मास्टर दीनानाथांच्या गाण्याचा संस्कार तर सगळ्यांत खोल. एवढ्या दारांतून शिकलेल्या माणसानं कोणत्या एका दाराचं नाव सांगायचं? पोटासाठी पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कित्येक वर्षं कारकुनी केली. मैफली रात्री, फायली दिवसा. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या खाँसाहेबांनी त्यांना घराघरांत पोहोचवलं, तरी ‘हे शास्त्रीय गवई की नाटकातले?’ ही कुजबुज मागं राहिलीच. घराण्याचा प्रश्न या कुजबुजीचाच सभ्य अवतार होता.

वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ 1961 साली आलं आणि मराठी श्रोत्याला गाण्याबद्दल बोलण्याची भाषा मिळाली. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा ही नावं सर्वसामान्य रसिकाच्या तोंडी आली. पुस्तक थोरच आहे. पण चांगल्या पुस्तकातून आलेली भाषा पुढं चौकशीची भाषा होऊ शकते. आमच्या मराठवाड्यात अनोळखी पोरगं पारावर दिसलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘कुणाचा रं तू?’ त्या प्रश्नात माया असते, आणि त्याच प्रश्नात बापाचं नाव, भावकी, वाडा आणि जात हे सगळं एका झटक्यात काढून घेण्याची सोयही असते. गवयाला घराणं विचारणं हे मला पुष्कळदा तसंच वाटत आलं आहे. वसंतरावांनी भांडण केलं असतं तर ते उद्धट ठरले असते. लांबलचक खुलासा दिला असता तर केविलवाणे दिसले असते. एका हसऱ्या वाक्यात त्यांनी प्रश्नच परत केला आणि आपल्या सगळ्या गुरूंचा मानही राखला, कारण एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना मागं सारणं त्यांना करावं लागलं नाही.

असं उत्तर दिलं की आपल्याकडे लोक म्हणतात, गडी वेड पांघरून पेडगावला गेला. म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं, असं मानतात. मी ज्या पेडगावात बसून हे लिहितो आहे ते परभणी तालुक्यातलं, मनमाडहून परभणीकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. परभणीच्या आधीचं छोटं स्टेशन, आसपास कापूस, सोयाबीन, तूर. मोठ्या गवयांच्या जाहीर मुलाखती पुण्यात, मुंबईत, फार तर संभाजीनगरात व्हायच्या. इथं त्या आवाजाच्या रूपानं आल्या. आधी आकाशवाणी, परभणी केंद्र धरून, मग कॅसेटी, मग दूरदर्शनवरचं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, आणि आता शेताच्या बांधावर बसलेल्या पोराच्या मोबाइलवर. या लेखासाठी त्यातल्या बऱ्याच मुलाखती मी पुन्हा लक्ष देऊन ऐकल्या. ऐकताना गवई काय सांगतो याच्याइतकंच, तो कुठं हसतो याकडे कान लावला.

आपल्याकडे गवयांना बोलतं करण्याची परंपरा लहान नाही. प्रा. बी. आर. देवधरांनी एकेका बुजुर्गाच्या सहवासात राहून, त्यांच्याशी बोलून जे लिहिलं ते ‘थोर संगीतकार’मध्ये आहे. त्या पिढीतले उस्ताद स्वतःबद्दल बोलायला नाखूश असत. गुरूचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावायचा, आणि स्वतःची तारीफ निघाली की ‘सब उनकी मेहेरबानी’ म्हणून थांबायचं, ही रीत. आत्मस्तुती वर्ज्य. मैफलीच्या गादीवर बसून रडगाणं गाणंही वर्ज्य. मुलाखतकाराला मात्र या दोनच गोष्टी हव्या असतात: तुम्ही मोठे कसे झालात आणि किती सोसलंत? दोन्हीकडून वाट बंद झालेल्या माणसाला स्वतःबद्दल खरं सांगायचं असेल तर विनोद हीच एक वाट मोकळी उरते. म्हणून हसून उडवलेल्या उत्तराला मी टाळाटाळ म्हणत नाही. बहुतेक वेळा सगळ्यांत खरं बोलणं तिथंच झालेलं असतं.

भीमसेन जोशी घरातून पळाले ते 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी. कशासाठी? अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून जीव वेडा झाला होता आणि गुरू शोधायचा होता, हे कारण खरंच आहे. पण स्वतः भीमसेन सांगत ती गोष्ट तुपाची. जेवताना भातावर जास्तीचं तूप मागितलं, आईनं दिलं नाही, म्हणून ताटावरून उठलो आणि निघालो. भारतरत्नापर्यंत गेलेल्या आयुष्याचा आरंभ पळीभर तुपात! पुढचा प्रवास विनातिकीट. तिकीट तपासनिसाला गाणं ऐकवायचं. तो रसिक निघाला तर पुढचं स्टेशन, नाही तर कोठडी. ग्वाल्हेर झालं, कलकत्ता झालं, जालंधर झालं. कलकत्त्यात नट पहाडी संन्याल यांच्या घरी पोऱ्या म्हणून कामही केलं. पुढं कित्येक वर्षांनी त्याच शहरात मैफल गाजवल्यावर संन्यालांना त्यांनी आठवण करून दिली, तुमच्याकडे जोशी नावाचा जो मुलगा होता, तो मीच.

ही गोष्ट ऐकताना आपण मनमुराद हसतो. अकरा वर्षांचं पोर गदगहून निघून उपाशीतापाशी पंजाबपर्यंत जातं, यात हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही. भीमसेन ती ज्या आवाजात सांगत त्या आवाजात ती हसण्याची होते. तुपाची पळी पुढं केल्यामुळं ‘माझा ध्यास’, ‘माझी तपश्चर्या’ असले शब्द त्यांना उच्चारावे लागले नाहीत. ध्यासाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. ज्याच्याकडे तो खरोखर होता त्यानं तुपाबद्दल बोलणं पसंत केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पु. ल. देशपांड्यांनी सवाई गंधर्वांच्या या शिष्याला विमानप्रवासांवरून ‘हवाई गंधर्व’ केलं, ते नावही त्यांच्या अंगी असंच चपखल बसलं.

त्याच सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल. भीमसेनांच्या गुरुभगिनी. हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जाऊन त्या गाणं शिकल्या. कर्नाटकाच्या मानल्या तरी महाराष्ट्रानं त्यांना कधी परकं मानलं नाही. त्यांच्या मुलाखतींपाशी मी सगळ्यांत जास्त थांबलो. गंगूबाई हसत हसत सांगत, आणि जे सांगत त्यानं घशात आवंढा येतो.

धारवाडच्या लहानपणीची आंब्याची गोष्ट घ्या. शेजारच्या ब्राह्मणाच्या बागेतले आंबे पोरांनी चोरले. मालकाला राग आला तो आंबे गेल्याचा नव्हे, गाणारणीच्या पोरीचा पाय बागेला लागल्याचा. ही हकीकत सांगून गंगूबाई पुढं म्हणत, आता तीच माणसं मला घरी बोलावतात. दुसरी गोष्ट 1924 सालच्या बेळगाव काँग्रेसची. गांधीजी अध्यक्ष होते आणि स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत छोटी गंगू होती. तिला काळजी गाण्याची नव्हती. जेवणं झाल्यावर आपल्या जातीमुळं आपल्याला उष्टी पत्रावळ उचलायला लावतील की काय, या धास्तीत ती होती. म्हातारपणी हे सांगताना गंगूबाईंच्या चेहऱ्यावर तक्रार दिसत नाही. त्या लहान मुलीच्या भाबडेपणाला जणू त्या हसतात. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की भाबडी ती मुलगी नव्हती. आजूबाजूचं जग काय करू शकतं हे तिला नीट ठाऊक होतं.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं बोलणं पदव्यांबद्दलचं. पुरुष गवई मुसलमान असेल तर उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित होतो. केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर! जयपूर-अत्रौलीच्या गायकीचे दोन कळस. त्यांना लावायला भाषेजवळ मोठं पद नव्हतं. गंगूबाईंनी स्वतःचं नाव त्या वाक्यात पुढं केलं नाही, थोरल्यांची नावं घेतली. तेवढ्या संयमामुळं ते वाक्य आणखी धारदार झालं. त्यावर सभागृहात हशा पिकत असेल, पण त्या हशात आपणही आरोपी आहोत हे समोरच्या प्रत्येक पुरुषाला कळलं पाहिजे. परिसंवादांतली किती भाषणं विसरली गेली. हे वाक्य टिकलं.

लतादीदींचं हसणं वेगळं होतं. जवळच्या माणसांत त्या नकला करत, विनोद सांगत, हे अनेकांनी सांगितलं आहे. जाहीर मुलाखतीत मात्र मोजकं बोलत. त्यांची एक ध्वनिचित्रफीत त्यांच्या निधनानंतर, म्हणजे 2022च्या फेब्रुवारीनंतर, मोबाइलवरून घरोघर फिरली. पुढच्या जन्मी पुन्हा लता मंगेशकर व्हायला आवडेल का, असा प्रश्न. त्या हसून म्हणतात, पुनर्जन्म न मिळाला तर बरंच, आणि मिळालाच तर लता मंगेशकर होणं नको, कारण तिच्या अडचणी तिच्या तिलाच माहीत. विचारणाराला बहुधा कृतज्ञतेचं गोड उत्तर अपेक्षित असावं. वडील गेले तेव्हा 1942 साल होतं आणि ही मुलगी तेरावं वर्षही पुरं केलेली नव्हती. पाठीवर तीन बहिणी आणि एक भाऊ. त्या वयात डोक्यावर घेतलेला भार पुढं कधी उतरलाच नाही. तिनं अख्ख्या देशासमोर आपल्या थकव्याची कबुली दिली, आणि देशाला ती विनोदासारखी ऐकू आली. त्या फितीखाली लोक हसरे चेहरे टाकतात तेव्हा मला वाईट वाटतं.

याच बाईंनी ‘आनंदघन’ हे नाव पांघरून भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं. ‘साधी माणसं’ला राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कार जाहीर झाला, समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं, आणि त्या जागेवरून हलल्याच नाहीत. शेवटी आनंदघन म्हणजेच लता मंगेशकर, हे व्यासपीठावरून सांगावं लागलं. स्वतःबद्दलच्या प्रश्नाला याहून खेळकर उत्तर कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

आशाबाई अगदी मोकळ्या. गायिका झाला नसतात तर काय झाला असतात, या ठरीव प्रश्नावर त्या सांगत, स्वयंपाकीण झाले असते, चार घरी स्वयंपाक करून पैसे मिळवले असते. त्यांच्या हातच्या जेवणाची ख्याती लक्षात घेता हे लाडिक उत्तर वाटतं. पण चार घरी हा तपशील पाहा. ज्या बाईनं तरुणपणी लेकरं सांभाळत रोजच्या खर्चाची चिंता करत ध्वनिमुद्रणं केली, तिला चार घरचे पैसे म्हणजे काय हे ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय श्रोत्यांना त्यात गंमत दिसते. आमच्या गावातल्या बायका मात्र हे वाक्य ऐकून हसत नाहीत, मान डोलावतात.

बाहेरच्या जगातही हे दिसतं, पण त्याची चव निराळी. 7 फेब्रुवारी 1964 रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले आणि पत्रकारांनी त्यांना घेरलं. गाऊन दाखवा म्हटल्यावर जॉन लेनन म्हणाला, आधी पैसे. केस कापणार का, यावर जॉर्ज हॅरिसनचं उत्तर, कालच कापले. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्रकार परिषदेत बॉब डिलनला विचारलं, तुम्ही स्वतःला गायक समजता की कवी? तो म्हणाला, मी आपला नाचगाणं करणारा माणूस. या पोरांची उत्तरं तल्लख आहेत, पण ती समोरच्याला चीत करायला दिलेली आहेत. पत्रकार हा त्यांचा प्रतिस्पर्धी होता. आपल्या गवयांच्या विनोदात समोरच्याला पाडण्याची ईर्षा सहसा नसते. विचारणारा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही रीत असते. म्हणून त्याला काहीतरी गोड दिलं जातं आणि घरातली कडू वस्तू त्या गोडात घालून दिली जाते.

यामागं आमच्या मातीतलं एक शिक्षण आहे असं मला वाटतं. नाथमहाराज पैठणचे, गोदावरीच्या काठचे. त्यांच्या भारुडांत मुका आहे, बहिरा आहे, आंधळा आहे, जोशी आहे, वासुदेव आहे. आजही गावागावांच्या सप्त्यात रात्री भारूड उभं राहतं तेव्हा गाणारा सोंग घेतो आणि सोंगातूनच लोकांना खडसावतो. खऱ्या चेहऱ्यानं बोलला असता तर पाटलानं ऐकून घेतलं नसतं. सोंगाचं बोलणं पाटीलही हसून ऐकतो, आणि घरी गेल्यावर त्याला झोप लागत नाही. गवयाची मुलाखत मला पुष्कळदा अशीच वाटते. वेड पांघरायचं ते खरं बोलण्याची परवानगी मिळावी म्हणून.

सगळेच हे करत नाहीत. किशोरीताई आमोणकरांनी असल्या प्रश्नांना हसून वाट करून दिली नाही. गाणं सोडून दुसरं काही विचारलं की त्या नाराज होत. मैफलीत कुणी बोललं तरी सुनावत, आणि लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांच्या ‘भिन्न षड्ज’ या माहितीपटात त्यांचं बोलणं पाहिलं की कळतं, त्यांना स्वतःबद्दल बोलण्यात रसच नव्हता, स्वराबद्दल होता. एक मात्र मनात येतं. भीमसेनांची तुपाची गोष्ट ऐकून आपण ‘किती साधा माणूस’ म्हणतो, आणि किशोरीताईंच्या रोखठोकपणाला ‘केवढा ताठा’ म्हणतो. बाईनं हसून बोलावं ही अपेक्षा आपण मुलाखतीतही सोडत नाही. किशोरीताईंना विनोदाचं पांघरूण नको होतं. तो त्यांचा हक्क होता, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

विचारणाऱ्यांवरही पुष्कळ अवलंबून असतं. सुधीर गाडगीळांसारख्या मुलाखतकाराला समोरच्याचं हसू कुठं उचलायचं आणि कुठं सोडून द्यायचं हे समजतं. अवधूत गुप्ते स्वतः गायक-संगीतकार. त्यामुळं ‘खुपते तिथे गुप्ते’मध्ये समोर गायक बसला की प्रश्न टोचरा असला तरी विचारणाऱ्याला त्या धंद्यातली दुखणी माहीत असतात. हल्ली मात्र मुलाखतीतला हशा तेवढा कापून अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरवला जातो. हशाच्या आधी गवई थोडा थांबलेला असतो, श्वास घेतलेला असतो, कधी नजर खाली गेलेली असते. ते सगळं कात्रीखाली जातं. गाण्यात सम कळायची असेल तर आधीचं आवर्तन ऐकावं लागतं. मुलाखतीतला विनोदही तसाच आधीच्या क्षणांसकट ऐकला पाहिजे, आणि संपादन करणाऱ्यांनी तेवढी सेकंदं सोडावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

झाकीर हुसेन यांच्याइतकं हसतमुख उत्तर देणारा कलावंत आपल्या काळात दुसरा नव्हता. चहाच्या जाहिरातीत ‘वाह उस्ताद’ म्हटल्यावर कौतुक चहाकडे वळवणारा तो तरुण सगळ्या देशाच्या घरात शिरला. खऱ्या मुलाखतींतही ते तेच करत. कौतुक आलं की कुणाकडे तरी वळवून देत, अब्बांकडे, साथीदाराकडे, श्रोत्यांकडे. सुरुवातीच्या दिवसांतल्या रेल्वेप्रवासाची आठवण ते रंगवून सांगत. आरक्षणाला पैसे नसत, मग डब्यात खाली वर्तमानपत्र पसरून झोपायचं आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून तबला मांडीत कवटाळायचा. ऐकताना पुन्हा हसू. आमच्या लाइनीवरच्या पॅसेंजरनं वर्षानुवर्षं तसाच प्रवास केलेल्या माणसांना त्यात नवल वाटत नाही, आपुलकी वाटते.

पण झाकीरभाईंना तालमीबद्दल विचारलं की त्यांचा चेहरा बदलायचा. माहीमच्या घरात अब्बा, उस्ताद अल्लारखाँ, पहाटे तीन वाजता उठवायचे. समोर तबला नसायचा. बाप बोल म्हणायचा, मुलगा ते बोल परत म्हणायचा, सहा वाजेपर्यंत. मग मदरसा, मग सेंट मायकेल शाळा. हे सांगता सांगता ते मधेच बोल म्हणून दाखवायला लागत, हाताची बोटं गुडघ्यावर चालू लागत, आणि मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न विचारायचं विसरून जाई.